मांजरीहून निघालेलं ३२ किलोचं खोकं : कोविशिल्डच्या पहिल्या विमानप्रवासाचा प्रकरण अभ्यास

१२ जानेवारी २०२१ ची पहाट पुण्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल, टीव्हीवर दिवसभर तेच चालू होतं. पुण्याजवळच्या मांजरी गावात, कोविशिल्ड बनवणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये गाड्यांची पूजा झाली, नारळ फुटला, आणि पाचच्या जरा आधी तीन रीफर म्हणजे थंड ठेवणारे ट्रक पोलिसांच्या बंदोबस्तात लोहगाव विमानतळाकडे निघाले. आत कोविशिल्डची ४७८ खोकी, प्रत्येक खोकं ३२ किलोचं. त्या दिवशी एअर इंडिया, स्पाइसजेट, गोएअर आणि इंडिगो अशा चार कंपन्यांच्या नऊ फ्लाइट्सनी ५६ लाख ५० हजार डोस पुण्याहून तेरा शहरांना जाणार असं विमान वाहतूक मंत्र्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं. दिल्ली, चेन्नई, कोलकाता, गुवाहाटी, शिलाँग, अहमदाबाद, हैदराबाद, विजयवाडा, भुवनेश्वर, पाटणा, बंगळुरू, लखनौ, चंदिगड. चार दिवसांनी, १६ तारखेला, देशभर लसीकरण सुरू व्हायचं होतं.

मी गेली बरीच वर्षं पुण्यातच फार्मा डिस्पॅचला क्वालिटीचं काम बघते. म्हणजे २ ते ८ डिग्रीत ठेवायचा माल कारखान्यातून निघाल्यापासून पलीकडच्या गोदामात पोचेपर्यंत त्याचं तापमान कुठे हललं का, हललं तर किती वेळ, आणि मग तो माल वापरायचा की टाकून द्यायचा हे ठरवणाऱ्यांपैकी एक. नवीन मुलं कामाला लागली की मी त्यांना पहिल्या आठवड्यात हीच केस सांगते, कारण यातले आकडे जाहीर आहेत, कोणाच्या कंपनीचं काही उघडं पाडावं लागत नाही, आणि लस खराब होणं म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इथे तेच जरा सविस्तर लिहितेय.

आधी ते खोकं

५६ लाख ५० हजाराला ४७८ ने भागा, एका खोक्यात साधारण १२ हजार डोस येतात. एक डोस अर्ध्या मिलीचा, म्हणजे १२ हजार डोसचं औषध झालं फक्त ६ लिटर. १० डोसची एक व्हायल धरली तर १,२०० व्हायल. औषध ६ किलोच्या आसपास आणि खोकं ३२ किलोचं, मग बाकीचे २६ किलो कसले? काच, रबरी बुचं, कार्टन, आणि त्याच्या बाहेर इन्सुलेशन आणि थंडाव्याचे पॅक. विमानाने आपण औषध थोडं आणि औषधाभोवतीची थंडीच जास्त पाठवत असतो, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

पैशाचं पण बघा. सरकारने आदल्या दिवशी १ कोटी १० लाख डोसची ऑर्डर दिली ती २०० रुपये भावाने, जीएसटी धरून २१०. म्हणजे जीएसटी सोडून एक खोकं २४ लाखांचं. दोन माणसं सहज उचलून ट्रॉलीवर ठेवतात एवढंसं खोकं, कोणाच्या तरी हातून पाऊण तास चुकीच्या जागी राहिलं तर २४ लाख तर गेलेच, पण त्या जानेवारीत पैशापेक्षा १२ हजार नर्स, वॉर्डबॉय, आशाताई, डॉक्टर यांचा नंबर मागे गेला असता, ही गोष्ट मला जास्त लागते.

लोकांचा एक समज असतो की औषध विमानाने गेलं म्हणजे ते विमानात फ्रिजसारख्या जागी ठेवतात. तसं नसतं. देशांतर्गत फ्लाइट्सना बहुतेक ७३७ किंवा ए३२० जातीची विमानं असतात, त्यांच्या पोटात आपल्या बॅगा जातात तिथेच हा माल जातो. बॅटरीवर चालणारे थंड कंटेनर असतात, पण ते मोठ्या विमानांसाठी, ७३७ च्या पोटात तर कंटेनर जातच नाही, खोकी एकेक करून हाताने रचतात. ३५ हजार फुटांवर बाहेर उणे ५० च्या खाली असतं, आत हवेचा दाब असतो, थोडी ऊब असते, पण ते तापमान २ ते ८ वर आणून ठेवायची सोय पायलटकडे नाही. विमान थंडावा देत नाही, वेळ वाचवतं. थंडावा आपल्यालाच खोक्यात भरून द्यायचा असतो आणि तो मोजून भरायचा असतो, प्रवासाला निघताना पाणी भरून घेतो तसा, किती तास पुरेल याचा हिशोब करून. बाजारात ७२ तास, ९६ तास, १२० तास टिकतात असं चाचणी करून दाखवलेली खोकी मिळतात. पण ते तास खोकं बंद केल्यापासून मोजायचे असतात, विमान उडाल्यापासून नाही, आणि इथेच निम्मी माणसं चुकतात.

आठ वाजेपर्यंत धावपट्टी बंद

या केसमधली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट टीव्हीवर कोणी फारशी सांगितली नाही. पुण्याचा विमानतळ मुळात हवाई दलाचा. धावपट्टीच्या डांबरीकरणाचं काम हवाई दलाने काढलं होतं आणि २६ ऑक्टोबर २०२० पासून रात्री ८ ते सकाळी ८ विमानांची ये-जा बंद होती, वर्षभरासाठी. म्हणजे रात्रीची फ्लाइट नाही, पहाटेची नाही, पहिलं विमान उडणार ते आठच्या पुढेच.

आता आमच्या धंद्यात रात्रीची फ्लाइट म्हणजे सोनं. ऊन नाही, ट्रॅफिक नाही, पलीकडे पहाटे माल उतरतो आणि ऊन चढायच्या आत गोदामात जातो. ती सोय पुण्यात त्या वर्षी नव्हतीच. तेरा शहरांचा माल दिवसाच्या बारा तासांतच बाहेर काढायचा. जानेवारी होता म्हणून निभावलं, हेच एप्रिलात असतं तर दुपारी एकच्या फ्लाइटचं खोकं लोहगावच्या तापलेल्या काँक्रीटवर उभं राहिलं असतं आणि मग सगळं गणित वेगळं मांडावं लागलं असतं.

मांजरी ते विमानतळ सुमारे १५ किलोमीटर. पहाटे पाचला रस्ता मोकळा, अर्धा-पाऊण तास धरा. पहिलं विमान, स्पाइसजेटचं दिल्लीचं, ३४ खोकी घेऊन, ३२ ने गुणलं की १,०८८ किलो, आठच्या सुमारास उडालं आणि दहाच्या सुमारास दिल्लीत उतरलं. म्हणजे गेटातून निघाल्यापासून दिल्लीच्या जमिनीवर टेकेपर्यंत पाच तास, त्यातले हवेतले फक्त दोन. आणि हे सगळ्यात आधी उडालेलं, सगळ्यात सरळ फ्लाइटचं. नऊ फ्लाइट्स आणि तेरा शहरं म्हटल्यावर काहींना मधे थांबा किंवा विमान बदलणं आलंच. शिलाँगच्या विमानतळावर तर मोठं जेट उतरत नाही, तिथे छोटी विमानं जातात. विमान बदलणं म्हणजे खोकं पुन्हा एकदा बाहेर निघणार, पुन्हा एकदा ट्रॉलीवर, पुन्हा एकदा कोणाच्या तरी ताब्यात.

मी मुलांना कागदावर एक रेघ मारायला लावते आणि म्हणते खोकं प्रत्येक वेळी हात बदलतं तिथे फुली मारा. कारखान्याच्या कोल्ड रूममधून डॉकवर म्हणजे माल चढवायच्या ओट्यावर, डॉकवरून ट्रकमध्ये, ट्रकमधून कार्गो टर्मिनलला, तिथे वजन, एअरवे बिल, सुरक्षा तपासणी, मग विमानाची वाट बघत थांबणं, मग डॉलीवर म्हणजे उघड्या गाड्यावर विमानापर्यंत, मग पोटात, आणि पलीकडे हेच सगळं उलट. दहा-बारा फुल्या होतात. तापमान जवळजवळ नेहमी फुलीपाशी बिघडतं, रेघेवर बिघडलेलं क्वचितच बघितलंय. आणि सगळ्यात वाईट फुली म्हणजे विमानाशेजारची, कारण तिथे छत नसतं, भिंत नसते, आणि तिथल्या माणसाला घाई असते ती विमान वेळेवर सोडायची, त्याच्यासाठी ते खोकं म्हणजे पन्नासातलं एक नग असतं. यात त्याची चूक धरू नका, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की यात काय आहे. मग मार्ग साधा आहे, माल ट्रकच्या थंडाव्यातच शेवटपर्यंत ठेवायचा आणि विमानाची वेळ पक्की कळल्याशिवाय बाहेर काढायचा नाही. लवकर नेऊन टर्मिनलला टाकला की सुटलो, ही सवय या मालाला चालत नाही.

खरी भीती कशाची

आता मुख्य मुद्द्यावर येते, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण माझे हात यातच भाजलेत.

औषध म्हटलं की सगळ्यांना उन्हाची भीती. तापेल, खराब होईल. कोविशिल्डवर स्पष्ट सूचना आहे, २ ते ८ मध्ये ठेवा, गोठवू नका, गोठली तर टाकून द्या. तापमान ८ च्या वर जाऊन तासभर राहिलं तर औषध हळूहळू कमजोर होतं, त्याला हिशोब लावता येतो. आमच्याकडे मीन कायनेटिक टेम्परेचर काढतात, साध्या सरासरीपेक्षा त्यात गरम वेळेला जास्त वजन असतं, आणि कंपनीने आधीच टिकाऊपणाच्या चाचण्या केलेल्या असतात त्यावरून सांगता येतं की १२ डिग्रीला दीड तास राहिला तरी माल चालेल. पण गोठण्याला सरासरी नसते. एकदा गोठलं की संपलं, नंतर चार दिवस ५ डिग्रीला ठेवा नाहीतर महिनाभर ठेवा.

आणि गोठलेलं ओळखता येत नाही हा अजून मोठा प्रश्न. त्रिगुणी किंवा हिपॅटायटिस बी सारख्या लसींत अॅल्युमिनियमचे क्षार असतात, त्या गोठून वितळल्या की कणांचे गठ्ठे होतात, बाटली हलवून ठेवली की गाळ पटकन खाली बसतो, त्याला शेक टेस्ट म्हणतात, आपल्या पीएचसीतल्या म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना ती येते. कोविशिल्डमध्ये ते क्षार नाहीत. ती गोठून वितळली तर डोळ्यांना तशीच दिसणार. काही लसींच्या बाटलीवर व्हीव्हीएमचा रंग बदलणारा चौकोन असतो तो पण फक्त उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही. म्हणजे खोक्यात बसवलेला, तापमान नोंदत राहणारा डेटा लॉगर सोडला तर झालेलं कोणीच सांगू शकत नाही.

आता त्या जानेवारीचं हवामान आठवा. १ जानेवारी २०२१ ला दिल्लीत सफदरजंगला १.१ डिग्री होतं, पंधरा वर्षांतलं सगळ्यात कमी. चेन्नईला त्याच महिन्यात दुपारी तिशीच्या आसपास. एकाच सकाळी, एकाच गेटातून, सारखीच दिसणारी खोकी निघाली आणि एक गेलं चेन्नईला, एक गेलं चंदिगडला. चेन्नईच्या खोक्याला बाहेरची ऊब आत येऊ द्यायची नाही, आणि चंदिगडच्या खोक्याला रात्री कुठे उघड्यावर राहिलं तर आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही. म्हणून आमच्याकडे उन्हाळी पॅकिंग आणि हिवाळी पॅकिंग असे दोन प्रकार असतात, खोकं तेच पण आत किती पॅक गोठवलेले आणि किती नुसते गार केलेले हे बदलतं. पंचाईत अशी की आपला देश एकाच तारखेला दोन्ही ऋतूंत असतो.

पॅकमागचं शास्त्र सोपं आहे पण सांगते. १ किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता खातो तेवढ्या उष्णतेत १ किलो पाणी ० वरून ८० डिग्रीपर्यंत गेलं असतं. म्हणून नुसत्या गार पाण्यापेक्षा बर्फ कितीतरी जास्त तास पुरतो. पण बर्फ वितळतो ० ला, आणि आपल्याला हवेत २ ते ८. त्यामुळे बर्फाचा पॅक आणि औषध यांच्यामधे काहीतरी थर लागतो, गार पाण्याच्या पॅकचा किंवा पुठ्ठ्या-फोमचा. महागड्या खोक्यांत ५ डिग्रीच्या आसपास गोठणारं पॅराफिनच्या जातीचं द्रव्य भरलेले पॅक असतात, ते मला फार आवडतात, कारण बाहेर ऊन असलं तर ते वितळत वितळत उष्णता खातात आणि बाहेर थंडी असली तर गोठत गोठत उष्णता देतात, दोन्हीकडून औषधाला ५ च्या जवळ धरून ठेवतात.

साधा पाण्याचा किंवा जेलचा पॅक वापरायचा असेल तर मग कंडिशनिंग आलं. डीप फ्रीजमधून निघालेला पॅक उणे २० ला असतो. तो तसाच खोक्यात टाकला तर तो ० ला यायच्या आधी शेजारच्या बाटल्यांना गोठवतो. त्याला टेबलावर मांडून ठेवायचं, त्याच्यावर आधी पांढरं दव धरतं, मग ते विरघळून घाम येतो, आणि मग पॅक कानाशी धरून हलवला की आतून पाण्याचा खुळखुळ आवाज येतो. तो आवाज आला की आत बर्फ आणि पाणी दोन्ही आहे, म्हणजे पॅक ० ला आलाय, आता तो कोणाला गोठवू शकत नाही. गावोगावच्या सिस्टर लसीकरणाच्या सकाळी हेच करतात, पॅक कानाशी नेऊन हलवतात. कोट्यवधींच्या मालाचा निकाल त्या खुळखुळीवर असतो.

माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी, तेव्हा मी दुसऱ्या कंपनीत होते, इन्शुलिनचा एक लॉट मुंबईहून विमानाने आखातात जाणार होता. मे महिना. सगळ्या मीटिंगा तिकडच्या उन्हावर, रनवेवर ४५ डिग्री असेल, थर्मल ब्लँकेट घालू, तिकडच्या एजंटला तीनदा मेल करू. ठरल्या दिवशी गाडी तासभर लवकर आली. पॅकिंगच्या दादांनी मला फोन केला, मॅडम गाडी आली, ड्रायव्हर थांबत नाही म्हणतो, पॅक घालू का? मी दुसऱ्या कामात होते, म्हटलं घाला. पॅक कंडिशन झालेत का हे मी विचारलं नाही आणि दादांनीही सांगितलं नाही कारण मी विचारलं नाही. चौथ्या दिवशी तिकडून लॉगरची पीडीएफ आली. आखातातल्या उन्हात रेघ एकदम सपाट, ४ डिग्री, जिथे आम्ही सगळे घाबरत होतो तिथे काहीही झालेलं नव्हतं. आणि आलेखाच्या अगदी डावीकडे, खोकं बंद केल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत, रेघ शून्याच्या खाली गेलेली. माल आमच्याच डॉकवर, आमच्याच हातून मेला होता, गाडीत चढायच्या आधी. तो सगळा लॉट नष्ट केला. त्या दादांना कोणी काही बोलू नये यासाठी मी भांडले कारण चूक न विचारण्यात होती, घालण्यात नाही.

म्हणून त्या १२ जानेवारीला टीव्हीवर ट्रक बघताना माझ्या मनात एकच येत होतं, आदल्या रात्री पॅकिंगला किती माणसं उभी असतील आणि किती पॅक त्यांनी कानाशी नेले असतील.

लेबलवरचा आकडा

हे देशाबाहेर माल पाठवणाऱ्यांसाठी. १६ ला लसीकरण सुरू झालं आणि लगेच निर्यातही सुरू झाली, २० जानेवारीला मुंबईहून भूतानला दीड लाख आणि मालदीवला एक लाख डोस, २१ ला बांगलादेशला २० लाख आणि नेपाळला १० लाख, २२ ला ब्राझील आणि मोरोक्कोकडे. २४ फेब्रुवारीला कोव्हॅक्स या गरीब देशांना लस पुरवणाऱ्या जागतिक योजनेतले पहिले ६ लाख डोस दुबईमार्गे घानात आक्राला उतरले, ते पण पुण्याचेच.

आंतरराष्ट्रीय एअर कार्गोत औषधाच्या खोक्यावर आयएटीएचं, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचं, निळं लेबल लागतं, त्यावर थर्मामीटरचं चित्र आणि तापमानाची रेंज, १ जुलै २०१२ पासून ते सक्तीचं आहे. आणि जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस त्या रेंजचा चुकीचा अर्थ लावतो. त्यावरचं तापमान हे औषधाचं नसतं, खोकं ज्या हवेत ठेवायचं त्या हवेचं असतं. आत २ ते ८ चं औषध असलं तरी खोकं जर १५ ते २५ च्या हवेत टिकेल असं बांधलेलं असेल तर लेबलवर १५ ते २५ लिहायचं. अननुभवी माणूस काय करतो, कागदावर लस वाचतो, लेबलवर १५ ते २५ बघतो, त्याला वाटतं लिहिणाऱ्याने घोळ घातला, आणि चांगल्या मनाने खोकं उचलून २ ते ८ च्या कोल्ड रूममध्ये ठेवतो. आत बर्फाचे पॅक, बाहेर ४ डिग्री, पॅक हळू वितळायला हवे होते ते वितळतच नाहीत आणि आतलं तापमान २ च्या खाली सरकायला लागतं. मायेने केलेल्या या चुकीने गेलेला माल मी स्वतः बघितलाय. उलटही होतं, लेबलवर २ ते ८ आहे म्हणजे खोक्यात स्वतःचा थंडावा नाही, आणि ते कोणी सावलीत ठेवलंय म्हणून निश्चिंत होतो. मी म्हणते, लेबल वाचायला एक मिनिट आणि समजवायला दहा मिनिटं, ती दहा मिनिटं पलीकडच्या देशातल्या हँडलिंग एजंटबरोबर फोनवर घालवा, मेलवर नाही.

त्या आठवड्याची गंमत बघा, एक खोकं जानेवारीतल्या भर उन्हाळ्याच्या ब्राझीलला आणि दुसरं भूतानमधल्या पारोला, जिथे जानेवारीत रात्री शून्याच्या खाली जातं आणि डोंगरामुळे विमान फक्त दिवसा उतरतं. आणि भूतानने ते डोस लगेच वापरलेसुद्धा नाहीत, शुभ काळ बघून २७ मार्चला मोहीम सुरू केली, म्हणजे दोन महिने ते थंडीत सांभाळून ठेवावे लागले. विमानप्रवास काही तासांचा, राखण दोन महिन्यांची. हिमालयात फ्रिजचं काम थंड ठेवण्याइतकंच गोठू न देण्याचंही असतं.

विमान कुठे नको होतं

हे थोडक्यात. सगळंच विमानाने गेलं नाही आणि तेच बरोबर होतं. मुंबई महापालिकेचे १ लाख ३९ हजार ५०० डोस १३ तारखेला पहाटे रस्त्यानेच परळला एफ साऊथ वॉर्डच्या ऑफिसात आले. पुणे-मुंबई हे अंतर विमानाने जोडायला गेलं तर दहा-बारा फुल्या वाढतात आणि वेळ वाचत नाही. रीफर ट्रकचं एक दार इथे बंद झालं ते तिथे उघडलं, मधे कोणाचा हात नाही. मी स्वतः ५००-६०० किलोमीटरपर्यंत आधी रस्त्याचाच विचार करते आणि मग विमानाचा.

आणि फायझरची लस त्याच सुमारास अमेरिकेत युरोपातून उणे ७० ला सुक्या बर्फात जात होती. सुका बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, तो वितळत नाही, थेट वायू होतो आणि विमानाच्या पोटात साचला तर माणसाला, जनावराला श्वास घेता येत नाही, म्हणून विमानात तो किती न्यायचा यावर मर्यादा असते. एका अमेरिकन कंपनीला त्यासाठी एका फ्लाइटमध्ये ३,००० पौंडांच्या जागी १५,००० पौंड सुका बर्फ न्यायची खास परवानगी घ्यावी लागली. आपल्याकडे नेहमीच्या लसीकरणासाठी जवळपास २९ हजार कोल्ड चेन पॉइंट आधीच होते, त्यात ४५ हजार आयएलआर म्हणजे बर्फाच्या अस्तराचे फ्रिज, आणि ते सगळे २ ते ८ साठी बांधलेले. लस २ ते ८ ची होती म्हणून तेरा शहरांत उतरल्यावर पुढचा रस्ता तयार होता. विमानाचा प्रवास कितीही चांगला झाला असता आणि पुढे गडचिरोलीतल्या पीएचसीत उणे ७० चा फ्रिज नसता तर त्याचा काय उपयोग होता.

आम्ही काय बदललं

इन्शुलिनच्या त्या लॉटनंतर आणि ही केस दहा वेळा मांडल्यानंतर आमच्या डॉकवर तीन-चार गोष्टी बदलल्या. खोकं बंद केलं की त्याच्या झाकणावर काळ्या मार्करने वेळ लिहायची, तारीख नाही, वेळ, तास-मिनिटं, आणि ज्याने बंद केलं त्याची सही. म्हणजे पुढे कोणाच्याही हातात गेलं तरी घड्याळ कधी सुरू झालं ते दिसतं. लॉगर सगळ्यात कोपऱ्यात, पॅकला चिकटून ठेवायचा नाही, नाहीतर तो पॅकचं तापमान सांगतो, आणि फक्त मधोमधच पण नाही, कारण मधलं औषध सगळ्यात शेवटी बिघडतं. आम्ही दोन ठेवतो, एक मधे आणि एक वरच्या थरात कडेच्या बाटल्यांच्या बाजूला. लिथियम बॅटरीचा लॉगर असला तर एअरलाइनला चालतो का हे आधी विचारून घ्यायचं, त्यावरून काउंटरवर अडलेला माल मी बघितलाय आणि अडलेला माल म्हणजे वाया चाललेले तास. गाडी लवकर आली तर गाडी थांबेल, पॅक कंडिशन झाल्याशिवाय घालायचे नाहीत, ड्रायव्हरला चहा द्यायचा आणि त्याच्या वेटिंगचे पैसे आमच्या डिपार्टमेंटच्या खर्चातून जातात, यावर मी सही करून घेतलीय वरून.

आणि पॅकिंगच्या टेबलाशी आता फोन करायचा तो मी करते, दादा मला करत नाहीत. एकच प्रश्न विचारते, पॅक वाजतायत का? मग दादा रिसीव्हरशी पॅक धरून हलवतात आणि मी ऐकते.